खलनायकाचा वेष आणि तो शिवणारे हात

कॉमिकमधील खलनायकाचा वेष घरच्या घरी तयार करणे ही वरवर पाहता अलीकडच्या तरुणांची हौस वाटते. परंतु अमेरिकेत या प्रथेला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास असून, वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्या, मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेले शिवणयंत्र आणि विज्ञानकथांच्या वाचकांची संमेलने या तीन गोष्टी एकमेकींना येऊन मिळाल्यावर तिला निश्चित रूप आले. येथे ‘कॉमिक’ या शब्दात वृत्तपत्रातून क्रमशः येणारी चित्रमालिका आणि स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात विकले जाणारे कॉमिक पुस्तक या दोहोंचा समावेश केला आहे, कारण वेष करणाऱ्यांनी या दोहोंत कधी भेद केला नाही. या इतिहासात वेष घालून मंचावर उभे राहणाऱ्यांची नावे सहज सापडतात; कापड बेतणाऱ्या, टाचून पाहणाऱ्या आणि रात्री जागून टाके घालणाऱ्या हातांची नावे मात्र अनेकदा मागे पडतात. ही प्रथा खऱ्या अर्थाने समजून घ्यायची, तर तिच्याकडे शिवणकामाचा इतिहास म्हणूनही पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी शहरांत वेषांतराचे जलसे, म्हणजे निमंत्रितांनी मुखवटे व सोंगे घेऊन यावयाचे नाचगाण्याचे मेळावे, लोकप्रिय होते, आणि अशा प्रसंगी लागणारे कपडे बहुतेक घरांत स्त्रियाच शिवत असत. एबेनेझर बटरिक याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी बेत, म्हणजे कापड कापण्यासाठी वापरायचे तयार नमुने, विकण्यास सुरुवात केल्यानंतर शिंप्याकडे न जाता अवघड कपडा घरी बेतणे शक्य झाले. याच बटरिक कंपनीने १८९२ मध्ये सोंगांच्या वेषांविषयी स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९०९ मध्ये डेनिसन या कागद व्यवसायातील कंपनीने हॅलोविनच्या सणासाठी सजावटीची व वेषांची पुस्तिका काढली; तिच्या नंतरच्या आवृत्त्यांतून क्रेप पेपरचे, म्हणजे चुणीदार व ताणला जाणाऱ्या रंगीत कागदाचे, वेष कसे करावेत हे गृहिणींना शिकवले जात असे. कॉमिकमधील पात्र अंगावर चढवण्याची विद्या अशा रीतीने घरांत रुजत होती. १९०८ मध्ये सिनसिनाटी येथील एका जोडप्याने स्केटिंगच्या मैदानावरील वेषांतराच्या कार्यक्रमात चित्रमालिकांतील पात्रांचे वेष घेतले, आणि त्यांतील एक पात्र ए. डी. कोंडो या चित्रकाराचा मंगळवासी ‘मिस्टर स्कायगॅक’ होते. स्कायगॅक हा खलनायक नव्हता, तर पृथ्वीवरील माणसांचे विचित्र वागणे टिपणारा परका पाहुणा होता. तथापि कागदावरचे परग्रहवासी रूप कापडात उतरवण्याचा तो एक अगदी आरंभीचा प्रयत्न ठरतो.

या हौसेला परंपरेचे स्वरूप दिले ते विज्ञानकथांच्या चाहत्यांनी. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या विज्ञानकथा-मासिकांचे वाचक १९३० च्या दशकात पत्रव्यवहारातून एकमेकांशी जोडले गेले, त्यांनी स्वतःची हस्तलिखित व चक्रमुद्रित नियतकालिके काढली, आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले. लॉस एंजेलिसहून तेथे आलेला फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा हिरवी झूल आणि घोळदार विजार अशा भविष्यकालीन पोशाखात वावरला, आणि त्याच्यासोबत आलेली मर्टल डग्लस हिनेही तसाच वेष केला होता. ‘मोरोजो’ या नावाने ओळखली जाणारी ही स्त्री एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेची पुरस्कर्ती होती. फ्रँक आर. पॉल याची मासिकांसाठी काढलेली चित्रे आणि १९३६ मधील ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट यांच्या आधारे हे दोन्ही पोशाख तिनेच कल्पिले आणि तिनेच शिवले. तरीही पुढे कितीतरी वर्षे अ‍ॅकरमनचेच नाव या प्रथेचा जनक म्हणून घेतले जात राहिले, आणि मोरोजोचा उल्लेख झालाच तर त्याची सोबतीण म्हणून होई. पोशाखाचा मान अंगाला मिळतो, हाताला मिळत नाही, ही या क्षेत्रातील जुनी रीत पहिल्याच संमेलनात दिसून आली.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४० मध्ये, शिकागो येथे दुसरे संमेलन भरले. उपस्थिती सव्वाशेच्या आसपास होती, परंतु या वेळी वेषांतराचा कार्यक्रम संमेलनाचा अधिकृत भाग म्हणून ठेवलेला होता, आणि त्यात पहिला क्रमांक मिळाला तो एका खलनायकाच्या वेषाला. ‘फ्लॅश गॉर्डन’ या चित्रमालिकेतील मोंगो ग्रहाचा निर्दय सम्राट मिंग याचे रूप डेव्हिड काइल याने घेतले होते आणि तो वेष लेस्ली पेरी हिने तयार केला होता. दुसऱ्या क्रमांकाचा वेषही चाहत्यांपैकीच रॉबर्ट लाउंड्स याचा होता. संमेलनाचे मानकरी लेखक ई. ई. स्मिथ हेदेखील सी. एल. मूर या लेखिकेच्या कथांतील एका नायकाचा वेष करून आले होते. लेस्ली पेरी हे डोरिस बॉमगार्ट हिचे लेखननाम. न्यूयॉर्कमधील ‘फ्यूचरियन’ या तरुण लेखक-चाहत्यांच्या गटाची ती सदस्य होती, आणि तिची ‘स्पेस एपिसोड’ ही विज्ञानकथा १९४१ मध्ये एका मासिकात छापूनही आली. म्हणजे पेरी ही केवळ कुणासाठी कपडे शिवून देणारी नव्हती. ज्या साहित्यविश्वातून ही पात्रे उभी राहत होती, त्याच विश्वात ती स्वतः लेखणी चालवत होती. जागतिक संमेलनांच्या इतिहासातील पहिल्या वेषांतर-स्पर्धेचा विजय अशा रीतीने कॉमिकमधील खलनायकाच्या नावावर नोंदला गेला, आणि त्या विजयामागे एका लेखिकेची सुई होती.

मिंगचे रूप अ‍ॅलेक्स रेमंड या चित्रकाराने घडवले. त्याची ‘फ्लॅश गॉर्डन’ ही मालिका ७ जानेवारी १९३४ पासून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवणीत येऊ लागली, आणि १९३६ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने तिच्यावर १३ भागांचा मालिका-चित्रपट काढून मिंगची भूमिका चार्ल्स मिडलटन याला दिली. तुळतुळीत डोके, बारीक मिशा, टोकदार दाढी, पायघोळ झगा आणि मानेच्या मागून डोक्यापर्यंत चढलेली प्रचंड उभी कॉलर ही त्याची ओळख. चित्रकाराला अशी कॉलर काढायला शाईची एक रेघ पुरते, कारण कागदावर कापडाला वजन नसते. शिवणाऱ्यापुढे मात्र खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. नुसते कापड उभे राहत नाही, दुहेरी केले तरी काही वेळातच मागे कलंडते. म्हणून अशा कॉलरीत दोन पदरांच्या मध्ये बकरम घालावे लागते, म्हणजे खळ देऊन कडक केलेले विरळ विणीचे कापड, आणि कडेच्या शिवणीतून बारीक तार ओवावी लागते. एवढे करूनही कॉलर केवळ गळ्याच्या शिवणीला जोडली, तर तिच्या भाराने झगा मागे ओढला जातो आणि पुढून गळा आवळला जातो. तेव्हा तिचे वजन खांद्यांवर उतरेल अशी रुंद खांदापट्टी आतून द्यावी लागते. आधी वर्तमानपत्राच्या रद्दीतून बेत कापायचा, तो टाचण्यांनी अंगावर लावून पाहायचा, मान वळवून बघायची, आणि मगच कात्री कापडाला लावायची, हा क्रम कुठल्याही अनुभवी शिवणाऱ्याला ठाऊक असतो. कागदावरचे खलनायकी सामर्थ्य माणसाच्या अंगावर उतरते ते या आतल्या, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या कामामुळे.

मिंगच्या वेषाचा विचार करताना त्याची काळी बाजू टाळता येत नाही. त्याचे नाव चिनी राजघराण्याची आठवण देणारे, चित्रांत त्याची कातडी पिवळी रंगवलेली, आणि त्याचा स्वभाव कपटी व विलासी. ही सारी मांडणी पूर्व आशियातील लोकांविषयी त्या काळी पाश्चात्त्य समाजात पसरलेल्या भीतीतून आणि तुच्छतेतून आली होती. सॅक्स रोमर याने १९१३ मध्ये पुस्तकरूपाने आणलेला फू मांचू हा खलनायक या साच्याचा पूर्वज होय. खलनायकाचा वेष करणारा माणूस त्या पात्राबरोबर त्याच्या निर्मात्यांचे पूर्वग्रहही नकळत अंगावर घेत असतो. पुढील काळात अनेक संमेलनांतील चाहत्यांनी पात्राचा वेष घ्यावा, पण त्यासाठी कातडीचा रंग बदलून दुसऱ्या वंशाचे सोंग आणू नये, असा आग्रह धरला, तो याच जाणिवेतून. आणि तो आग्रह योग्यच आहे, कारण कापड उतरवता येते, अपमान मात्र समोरच्याच्या मनात राहतो.

शिकागोचे संमेलन भरले त्याच १९४० सालच्या वसंतात ‘बॅटमॅन’ या पुस्तकाचा पहिला अंक निघाला आणि त्यातून जोकर हा खलनायक वाचकांपुढे आला. त्याच्या विस्फारलेल्या हास्याचे मूळ १९२८ मधील ‘द मॅन हू लाफ्स’ या मूकपटातील कॉनराड फाइट याच्या रूपात आहे. जोकरच्या जांभळ्या कोटाला आणि हिरव्या केसांना छपाईच्या तंत्राचाही आधार मिळाला. त्या काळच्या स्वस्त चाररंगी छपाईत रंगांची निवड मर्यादित होती; नायकांना लाल, निळा व पिवळा हे ठळक मूळ रंग मिळाले, तर त्यांच्यापासून वेगळे दिसावेत म्हणून खलनायकांकडे जांभळा, हिरवा, नारिंगी असे मिश्र रंग वारंवार गेले. रिडलर, डॉक्टर डूम, ग्रीन गॉब्लिन, मिस्टेरिओ ही नावे आठवली तरी हा कल लक्षात येतो. घरी वेष करणाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की, तयार कपड्यांच्या दुकानात न मिळणारे जांभळे कोट व हिरव्या विजारी त्याला रंगवून वा शिवून घ्याव्या लागल्या, आणि खलनायकाचा वेष आपोआपच नायकाच्या वेषापेक्षा अधिक हाताचे काम मागू लागला.

याला आणखी एक कारण आहे. कॉमिकचा नायक बहुधा अंगाला चिकटलेल्या कपड्यात असतो. तो वेष शोभायचा तर माणसाचे शरीरच चित्रासारखे कमावलेले असावे लागते. खलनायक मात्र झगा, मुखवटा, चिलखत, टोपी, कोट अशा आवरणांत वावरतो, आणि तेथे शरीरापेक्षा कारागिरीला वाव मिळतो. ऑगस्ट १९४२ मध्ये अवतरलेला टू-फेस हा द्विमुखी खलनायक याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा अर्धा चेहरा जळलेला, आणि अर्धा पोशाख सभ्य तर अर्धा भडक. असा वेष करण्यासाठी एकाच मापाचे दोन जुने सूट घेऊन ते उसवता येतात: कोटाची पाठ मुळातच मधल्या शिवणीने जोडलेली असते, तेव्हा ती उसवून एका कोटाची डावी आणि दुसऱ्याची उजवी बाजू जुळवली, की पुढचे दोन भाग बटणांनी आपोआप एकत्र येतात, विजारीतही दोन पाय आसनाच्या शिवणीवर जोडलेले असल्याने तीच युक्ती चालते. खरी परीक्षा असते ती दोन कापडांच्या जाडीची, कारण एक लोकरीचे आणि दुसरे पातळ सुती असेल, तर पाठीच्या शिवणीवर चुण्या पडतात आणि पातळ बाजू ओढली जाते. चित्रातील एक सरळ उभी रेघ कापडात सरळ ठेवणे हे ज्याने केले आहे, त्यालाच तिची किंमत कळते.

घरगुती वेषाला बाजारानेही पर्याय दिला. न्यूयॉर्कची बेन कूपर ही कंपनी १९३७ पासून हॅलोविनसाठी डब्यात बंद केलेले तयार वेष विकू लागली आणि पुढे कॉमिकमधील पात्रांचे हक्क घेऊन तिने असंख्य मुलांपर्यंत ते पोहोचवले. पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा, त्याला मागे रबरी दोरी, आणि पुढे चकचकीत झबल्यासारखा अंगरखा असे त्यांचे स्वरूप असे. यांतील अनेक अंगरख्यांच्या छातीवर पात्राचे नाव आणि चित्र छापलेले असे. म्हणजे मूल त्या पात्राचा वेष घालत नसून त्या पात्राची जाहिरात अंगावर वागवत असे. मूळ पात्र काही स्वतःचे चित्र छातीवर लावून हिंडत नाही. घरी वेष करणाऱ्यांनी धरलेला आग्रह नेमका याच्या उलट होता: वेष असा हवा की चित्रातील माणूस चौकटीतून उतरून समोर उभा आहे असे वाटावे. सर्व सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी मराठीत म्हण आहे. या प्रथेतील माणसांनी पैशाची उणीव जुने पडदे, चादरी, पुठ्ठा आणि वेळ यांनी भरून काढली.

१९६० मध्ये पिट्सबर्गच्या जागतिक संमेलनात डिक व पॅट लुपॉफ या दांपत्याने कॅप्टन मार्व्हल व मेरी मार्व्हल यांचे वेष केले, आणि त्याच सुमारास कॉमिकच्या चाहत्यांचे स्वतंत्र जग आकार घेऊ लागले. गुन्हेगारांना आकर्षक रूपात दाखवण्यास मनाई करणारी प्रकाशकांची १९५४ ची आचारसंहिता अद्याप लागू होती. तरीही स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये डॉक्टर डूम आणला, जो नखशिखांत लोखंडात बंद आणि वरून हिरव्या टोपीच्या झग्यात लपेटलेला आहे. १९६६ मध्ये ‘बॅटमॅन’ दूरचित्रवाणीवर आला, तेव्हा जोकरची भूमिका करणारे सीझर रोमेरो यांनी मिशा काढण्यास नकार दिला आणि पांढरा रंग मिशांवरूनच लावला गेला. या मालिकेने वेष करणाऱ्यांना मोलाची गोष्ट दिली: चित्रात एकाच बाजूने दिसणारा खलनायक आता पाठमोरा, बसलेला आणि धावताना दिसू लागला, आणि कोटाची घडी कोठे पडते हे पाहून शिकता येऊ लागले.

वेषांची संख्या आणि महत्त्वाकांक्षा वाढली तशी नियमांची गरजही वाढली. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या जागतिक संमेलनात स्कॉट शॉ या तरुण व्यंग्यचित्रकाराने स्वतःच निर्मिलेल्या एका घाणेरड्या कॉमिक पात्राचा वेष घेतला आणि त्यासाठी अंगाला शेंगदाण्याचे लोणी फासले. ते लोणी आसनांना आणि शेजारच्या स्पर्धकांच्या वेषांना लागले, आणि दिव्यांच्या उष्णतेत त्याला वास सुटला. शेजारी उभ्या असलेल्या कुणाचे महिनोन्‌महिन्यांचे काम क्षणात खराब होऊ शकते, हे त्या दिवशी सर्वांना उमगले, आणि शेंगदाण्याच्या लोण्यास मनाई करणारा नियम वेषस्पर्धांच्या परंपरेत कायमचा रूढ झाला. त्याच्या मुळाशी इतरांच्या श्रमाविषयीचा आदर आहे. पुढे नवखा, कारागीर आणि निष्णात अशा कौशल्याच्या श्रेणी आल्या, जेणेकरून पहिल्यांदा सुई हातात धरणाऱ्याची तुलना वीस वर्षे शिवणाऱ्याशी होऊ नये. आणि १९८३ मध्ये वेष करणाऱ्यांचे स्वतंत्र संमेलनच सॅन डिएगो येथे भरले. त्याच शहरात १९७० पासून कॉमिक्सचे मोठे संमेलन भरत होते आणि १९७४ पासून तेथे वेषस्पर्धा होत होती. जपानमध्येही १९७५ मध्ये सुरू झालेल्या कॉमिकेट या बाजारमेळाव्यातून वेष घेण्याची हौस वाढली, आणि १९८३ मध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका मासिकात तिला ‘कॉस्प्ले’ हे जोडनाव दिले, जे आज मराठीसह अनेक भाषांत रुळले आहे.

साधनेही बदलली. पुठ्ठा आणि कागदी लगदा यांची जागा अनेकांनी फोमच्या शीटला दिली. हे हलके शीट गरम हवेने वाकते, थंड झाल्यावर आकार धरते, आणि त्यावर गोंदाचे व रंगाचे थर दिले की डूमचे लोखंडी चिलखत पूर्वीपेक्षा कितीतरी कमी वजनात उभे राहते. संगणकावरील त्रिमितीय आकृती उलगडून तिचे सपाट कागदी बेत काढून देणाऱ्या प्रणालीही आल्या. तथापि या प्रणाली जे करतात ते बटरिकच्या कागदी बेतांहून तत्त्वतः वेगळे नाही: गोलाकार अंगासाठी सपाट तुकडे कसे कापावेत, हाच तो जुना प्रश्न आहे.

मराठी वाचकांचा या जगाशी परिचय प्रामुख्याने ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून झाला. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेच्या मराठी आवृत्त्याही निघाल्या. वेताळ आणि मँड्रेक यांच्याबरोबर मिंगचा वैरी फ्लॅश गॉर्डनही तिच्या पानांतून वाचकांना भेटला. वेष करून पात्र जिवंत करण्याची कल्पना तर या प्रदेशाला मुळीच नवी नव्हती. कोकणातील दशावतारात आणि शिमग्यात संकासुर या असुराचे सोंग येते, आणि जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात देवांबरोबर राक्षसांचेही मुखवटे नाचतात. २०११ मध्ये दिल्लीत आणि पुढे मुंबईतही कॉमिक्सची संमेलने भरू लागली, तेव्हा वेषस्पर्धेत उतरलेल्या तरुणांची सामग्री परदेशी पात्रांची असली, तरी सोंगाविषयीची त्यांच्या प्रेक्षकांची ओळख जुनीच होती.

आज मोठ्या संमेलनांत कारागिरीचे परीक्षण मंचावरील सादरीकरणापासून वेगळे होते. परीक्षक वेष जवळून पाहतात, कॉलर आतून कशी उभी केली आहे हे विचारतात, अस्तर उलटून शिवण तपासतात, आणि वेष घालणारा व तो तयार करणारा निराळे असतील तर दोघांचीही नावे नोंदवून घेतात. १९४० च्या त्या शिकागोच्या सभागृहात टाळ्या पडल्या त्या झगा घालून उभ्या राहिलेल्या मिंगला. पण त्याची कॉलर ज्या टाक्यांवर उभी होती, ते टाके लेस्ली पेरी हिने घातले होते. आजच्या नोंदवहीत तयार करणाऱ्याच्या नावासाठी जो स्वतंत्र रकाना असतो, तो तिला आणि मोरोजोला मिळाला असता, तर या प्रथेचा इतिहास आरंभापासूनच त्यांच्या नावांनी लिहिला गेला असता.